लिनक्सचा बिघाड : लक्षणे, निदान आणि मंडळी

डेस्कटॉपवरच्या लिनक्सचा बिघाड खासगी राहत नाही, हे त्याचे पहिले लक्षण. इतर संगणकप्रणालींत काही बिनसले की वापरणारा दुकानदाराला फोन लावतो, यंत्र पिशवीत घालून नेऊन देतो आणि दोन दिवसांनी घरी आणतो. काय बिघडले होते ते त्याला कळत नाही, बहुधा दुकानदारालाही कळलेले नसते. लिनक्सला असा दुकानदार नाही. तिथे तक्रार चारचौघांत आणि पुराव्यासह मांडावी लागते. ती मांडली की एकमेकांना कधीही न भेटलेली, निरनिराळ्या देशांतली माणसे तिच्यावर चर्चा करू लागतात. या माणसांना सोयीसाठी ‘मंडळी’ म्हणू. मंडळींना पगार नसतो, कार्यालय नसते, सुट्टीचा वार नसतो. संयम असतो, पण मोजका.

ही रीत प्रणालीच्या जन्मापासूनची आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने यूजनेटवर मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांच्या गटात एक संदेश टाकला. आपण नवी प्रणाली लिहीत आहोत, तर मिनिक्समधले काय आवडते आणि काय खटकते ते सांगा, अशी त्यात विचारणा होती. हा निव्वळ छंद आहे, यातून मोठे काही निघणार नाही, आणि आपल्याजवळ एटी हार्ड डिस्क आहे तेवढीच यावर चालेल, दुसरी बहुधा कधीच चालणार नाही, हेही त्याने त्याच वेळी सांगून टाकले. त्यातला छंदाचा अंदाज सपशेल चुकला. हार्डवेअरचा अंदाज मात्र नवे यंत्र विकत घेतलेल्या माणसाला अधूनमधून खरा वाटतो.

त्याचे कारण बाजारात आहे. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत डेस्कटॉपवरचा लिनक्सचा वाटा २०२४ च्या सुरुवातीला चार टक्क्यांच्या किंचित वर गेला, आणि एवढ्यावर मंडळींनी आनंद मानला. यंत्राचा भाग बनवणारा कारखाना आधी उरलेल्या शहाण्णव टक्क्यांचा विचार करतो. विंडोजसाठीचा ड्रायव्हर यंत्राबरोबरच येतो. लिनक्ससाठीचा कधी कारखान्याकडून येतो, कधी उशिरा येतो, आणि कधी कोणीतरी त्या भागाचे वागणे महिनोन्‌महिने न्याहाळून अंदाजाने लिहितो. अंदाजाने लिहिलेला ड्रायव्हर इतका चांगला चालतो, हेच खरे तर नवल. पण वापरणारा नवलाची नोंद ठेवत नाही, बिघाडाची ठेवतो.

बिघाडांचे ढोबळ वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग वायफायचा. लॅपटॉपवर लिनक्स चढवले, पडदा उजळला, माउस हलला, पार्श्वभूमीवर डोंगराचा सुंदर फोटो आला आणि वायफायचे चिन्ह तेवढे कुठेच दिसत नाही, असे याचे स्वरूप असते. वायफायच्या चिपला स्वतःचे एक छोटे सॉफ्टवेअर लागते, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते चिप बनवणाऱ्याच्या मालकीचे असते आणि त्याचा कोड बहुतेक वेळा कुलपात असतो. त्यामुळे डेबियनसारख्या तत्त्वाला धरून चालणाऱ्या वितरणाने, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाने, ते कित्येक वर्षे आपल्या अधिकृत इन्स्टॉलरच्या बाहेर ठेवले. परिणामी वायफाय सुरू करणारी फाइल इंटरनेटवर आणि इंटरनेट वायफायवर, असा पेच पडत असे. फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे, हा यावरचा सर्वमान्य तोडगा. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी रीतसर मतदान घेऊन तत्त्वाला मुरड घातली आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले. निवडणुकीनंतर आश्वासनाप्रमाणे काहीतरी सुरू झाल्याच्या उदाहरणांत याची गणना करावी लागते.

दुसरा वर्ग चित्राचा. यात पडदा काळा होतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, बाहेरून येतो, त्यामुळे कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हरचा भाग नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. हे काम आपोआप होते. ज्या दिवशी होत नाही, त्या दिवशी सकाळी यंत्र चालू असते, पंखा फिरत असतो आणि समोर अमावास्या असते. त्यात सिक्युअर बूट चालू असेल तर बांधलेल्या भागावर सही लागते. सही नसलेला भाग कर्नल आत घेत नाही आणि तसे मोठ्याने सांगतही नाही. कर्नलला सुरू होतानाच ‘नोमोडसेट’ हा शब्द देऊन ग्राफिक्स कार्डाशी फार लगट करू नकोस असे बजावणे, आणि कंट्रोल, अल्ट व एफ३ या तीन कळा दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर उतरणे, हे दोन प्राथमिक उपाय. या कंपनीवर मंडळींचा राग जुना आहे. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून तिला उद्देशून मधले बोट दाखवले होते. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. दहा वर्षांत बोटाची दखल घेतली गेली, असे मंडळी म्हणतात. कंपनीने कारण वेगळे दिले.

तिसरा वर्ग आवाजाचा. लिनक्समधली आवाजाची व्यवस्था पुण्यातल्या जुन्या वाड्यासारखी आहे: नवा भाडेकरू येतो, पण जुना जात नाही. तळमजल्यावर आधी ओएसएस होते. २००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कर्नल २.६ पासून तिथे अल्सा मानाने राहू लागले, पण ओएसएसच्या नावाने येणारी पत्रे घ्यायची सोयही त्याने ठेवली. २००७ मध्ये फेडोरा ८ ने वरच्या मजल्यावर पल्सऑडिओला आणून बसवले. पुढची काही वर्षे आवाज फुटला, अडखळला किंवा बंद पडला तरी नाव पल्सऑडिओचेच येई. एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने त्याच्या जागी पाइपवायर आणले. जुन्या ओळखीपाळखी तुटू नयेत म्हणून पाइपवायर आजही पल्सऑडिओच्या नावाने हाक मारली की ओ देते. चौकशी केली तर आपण ‘पाइपवायरवरचे पल्सऑडिओ’ असल्याचे ते प्रामाणिकपणे सांगते.

गंमत अशी, की आवाज बंद असण्याचे कारण बहुतेक वेळा या मजल्यांत सापडतच नाही. एचडीएमआयची केबल जोडली की यंत्र आवाज मॉनिटरकडे पाठवू लागते आणि मॉनिटरला स्पीकर नसतो. किंवा अल्सामिक्सरमध्ये एका पट्टीखाली ‘एमएम’ अशी दोन अक्षरे असतात. ही दोन अक्षरे म्हणजे आवाज दाबलेला आहे. ‘एम’ची कळ एकदा दाबली की तो सुटतो. मधल्या काळात प्रश्नकर्त्याने ड्रायव्हर काढून पुन्हा घातलेला असतो, कर्नल बदललेला असतो आणि बायोसही अपडेट केलेला असतो. शेवटी आवाज आला तो नेमका कशाने, हे त्याला सांगता येत नाही. तो श्रेय बायोसला देतो.

चौथा वर्ग वेळेचा. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्याला घड्याळ अधूनमधून साडेपाच तास पुढे किंवा मागे गेलेले दिसते. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहून ठेवते. लिनक्स तेच घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचे मानते आणि त्यात भारताचे साडेपाच तास मिळवते. सकाळचे दहा वाजले असताना लिनक्स दुपारचे साडेतीन दाखवते. मग इंटरनेटवरून खरी वेळ विचारून चूक सुधारते आणि मदरबोर्डवर साडेचार लिहून ठेवते. नंतर विंडोज उघडले की तिथे पहाट असते. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोघींच्या मध्ये राहणारा ऑफिसच्या मीटिंगला मुकतो. लंडनच्या वापरकर्त्याला हा बिघाड हिवाळ्यात दिसतच नाही, उन्हाळ्यात एका तासाचा दिसतो. म्हणून या तक्रारीतली तीव्रता पूर्वेकडे वाढत जाते. लिनक्सलाही स्थानिक वेळ मानायला लावण्याची एक आज्ञा आहे. ती पाळल्यानंतर लिनक्स दर चौकशीला असा इशारा देते, की ही पद्धत पूर्णपणे निभावणे शक्य नाही. घरात शांतता हवी असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून त्यालाच जागतिक वेळ शिकवावी, असे जाणकार सुचवतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे प्रश्न विचारणे, आणि इथेच सर्वांत जास्त माणसे घसरतात. ‘लिनक्स चालत नाही, अर्जंट मदत करा’ हा प्रश्नाचा मूळ नमुना. त्यात यंत्र कोणते, वितरण कोणते, आवृत्ती कोणती, नेमके काय केल्यावर काय झाले, यातले काहीच नसते. फक्त घाई असते, आणि घाई ही मंडळींच्या दृष्टीने माहिती नव्हे. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ मध्ये शहाण्यासारखा प्रश्न कसा विचारावा याची एक लांबलचक मार्गदर्शिका लिहिली. ती इतकी गाजली, की अनेक प्रकल्पांनी नवख्यांना आधी तीच वाचायला पाठवले. नवख्यांनी ती वाचली आणि आपले प्रश्न थेट लेखकांना विचारायला सुरुवात केली. लेखकांना मग मार्गदर्शिकेच्या सुरुवातीलाच खुलासा करावा लागला, की आम्ही कोणत्याही प्रकल्पाचे मदतकेंद्र नाही.

प्रश्नाचा दुसरा दोष असा, की माणूस दुखणे न सांगता स्वतः ठरवलेला उपाय मागतो. ‘होम फोल्डरची परवानगी सगळ्यांना कशी द्यायची?’ असे तो विचारतो. तीन जण आज्ञा सांगतात. चौथा विचारतो, ‘पण हे कशासाठी हवे आहे?’ मग तासाभराने उलगडते, की पेन ड्राइव्हवरचे फोटो उघडत नव्हते. होम फोल्डरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण आता आला आहे. मंडळींत या दोषाला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ असे नाव आहे, आणि चौथ्या माणसाला मान आहे.

तिसरा दोष शपथेचा. ‘मी काहीही केले नव्हते, आपोआप बंद पडले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक तक्रारीत येते. लिनक्सपुढे ते टिकत नाही, कारण यंत्राकडे नोंदवही असते. उबंटू आणि डेबियनमध्ये कोणते पॅकेज कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या आज्ञेने घातले किंवा काढले याची ‘हिस्ट्री डॉट लॉग’ या नावाची फाइल असते. टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञाही जपून ठेवलेल्या असतात. मंडळी नम्रपणे ही फाइल मागतात. ती आली की आदल्या रात्री साडेअकरा वाजता पायथॉनची जुनी आवृत्ती ‘उगाच जागा खाते’ म्हणून काढून टाकल्याचे आणि तिच्याबरोबर अख्खा डेस्कटॉपही निघून गेल्याचे दिसते. काढण्यापूर्वी यंत्राने जाणाऱ्या पॅकेजांची यादी दाखवून ‘हो की नाही’ असे विचारलेले असते. यादी लांब असल्यामुळे ती वाचली गेलेली नसते.

नोंदी वाचणे ही दुसरी पायरी. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा यंत्राने नोंदवून ठेवलेले सगळे बोलणे समोर ठेवते. ‘एलएसपीसीआय’ आत कोणकोणते भाग बसवले आहेत ते सांगते, ‘डीमेसेज’ कर्नलचे म्हणणे ऐकवते. यंत्र सगळे सांगत असते, फक्त खूप सांगते. धडधाकट यंत्राच्या नोंदींतही लाल अक्षरांतल्या चुका असतात. बायोस लिहिणाऱ्याच्या ढिसाळपणाबद्दल कर्नल रोज सकाळी तक्रार करतो आणि कामाला लागतो. नवखा माणूस पहिल्यांदाच नोंद उघडतो, लाल ओळी पाहतो आणि प्रिंटरच्या प्रश्नाबरोबर आणखी चौदा प्रश्न घेऊन येतो. त्यातले तेरा यंत्र विकत घेतले त्या दिवसापासून तसेच असतात.

मराठी वापरकर्त्यापुढे इथे एक खास अडचण उभी राहते. ग्नोम आणि केडीई हे दोन्ही डेस्कटॉप मराठीतून वापरता येतात. यंत्र मराठीत ठेवले की त्याच्या चुकांचे संदेशही मराठीत येऊ लागतात. वाचायला ते बरे वाटतात, पण इंटरनेटवर शोधले तर जगात हा संदेश आजवर कोणाला आलाच नाही असे दिसते. उपायही इंग्रजीत लिहिलेला आणि संदेशही इंग्रजीत नोंदलेला असल्याने आज्ञेच्या आधी ‘एलसी ऑल बरोबर सी’ असे लिहावे लागते. मग यंत्र तेवढ्यापुरते इंग्रजीत चुकते. टर्मिनल हा मुळात प्रत्येक अक्षराला एकसारखा चौकोन देणारा पडदा असल्यामुळे देवनागरीची वेलांटी कित्येकदा शेजारच्या चौकोनात जाऊन बसते, ती अडचण वेगळीच. देवनागरी नीट दिसावी म्हणून झालेल्या कामात ‘लोहित’ या मुक्त फॉन्टचा वाटा मोठा आहे. तो रेड हॅटने सांभाळला आणि त्यात पुण्यातल्या अभियंत्यांचा हात होता. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकवले. पुण्यामुंबईच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटांनी इन्स्टॉल फेस्ट भरवून लोकांच्या यंत्रांवर लिनक्स चढवून दिले. तिथे निदान यंत्र समोर असे, त्यामुळे ‘पॉवरचे बटण दाबले का?’ हा प्रश्न विचारावा लागत नसे.

आता मंडळींचे प्रकार. पहिल्या प्रकारचा माणूस ‘माझ्याकडे व्यवस्थित चालते’ एवढेच सांगतो. हे उत्तर खरे असते, त्याचा उपयोग शून्य असतो, आणि ते सर्वांत आधी येते. दुसरा वितरण बदलायला सांगतो: उबंटूवाल्याला मिंट, मिंटवाल्याला डेबियन, डेबियनवाल्याला आर्च. आर्च वापरणारा स्वतः आर्च वापरतो हे न विचारता सांगतो, पण आर्चचा विकी इतका उत्तम आहे की उबंटूवालेही गुपचूप तोच वाचतात. तिसरा ‘मॅन्युअल वाचा’ म्हणतो. मॅन्युअलमध्ये उत्तर असते हे खरे, पण ते ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तिथे सापडते. चौथ्याला मूळ प्रश्नाशी देणेघेणे नसते. तो सिस्टमडीवर घसरतो. यंत्र सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या, २०१० मध्ये आलेल्या या व्यवस्थेवरून डेबियनमध्ये इतका वाद झाला, की २०१४ मध्ये तांत्रिक समितीने तिच्या बाजूने कौल दिल्यावर काही जणांनी देवुआन नावाचे वेगळे वितरणच थाटले. त्यामुळे प्रश्न टचपॅडचा असला तरी दहाव्या उत्तरापर्यंत सिस्टमडी येतेच.

पाचव्या प्रकारचा माणूस विरळा आणि मितभाषी. तो तीन आज्ञा देऊन त्यांचे उत्तर मागतो. ते आल्यावर आणखी एक आज्ञा देतो. मग एक ओळ लिहितो, आणि बिघाड जातो. तो कोण, कुठला, दिवसा काय करतो हे कोणी विचारत नाही. लिनक्स चालते ते अशा माणसांवर. त्याची गाठ पडण्यासाठी मात्र थांबावे लागते. आयआरसीच्या खोलीत प्रश्न टाकून तीन मिनिटांत ‘इथे कोणीच नाही’ म्हणून निघून जाणाऱ्यांच्या मागे विसाव्या मिनिटाला अचूक उत्तर येते आणि ते रिकाम्या खुर्चीला मिळते. भारतात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा जर्मनीत ऑफिस सुटायची वेळ असते आणि न्यूयॉर्कमध्ये दुपार होत असते, म्हणून इथल्या रात्रीच्या प्रश्नांना उत्तरे भरभर येतात. ‘अर्ध्या तासात झोपतो’ असे घरी सांगून बसलेल्यांच्या जागरणाचे हे शास्त्रीय कारण आहे.

उपायांबाबत सावधगिरी बाळगावी लागते. ‘सुडो’ हा शब्द आज्ञेच्या आधी लावला की यंत्र पासवर्ड मागते, आणि तो मिळाल्यावर वाद घालत नाही. याचा फायदा घेणाऱ्या खोडसाळांचा जुना विनोद असा, की लिनक्समध्ये फ्रेंच भाषेचा एक निरुपयोगी संच येतो, तो ‘आरएम’ आज्ञेला ‘एफआर’ जोडून काढून टाकावा. यातला ‘एफ’ काहीही न विचारता पुढे जायला सांगतो आणि ‘आर’ आतले सगळे फोल्डर साफ करायला सांगतो. फ्रेंच जाते, आणि तिच्यासोबत बाकी सगळ्या भाषाही जातात. आजची ‘आरएम’ अख्खी डिस्क अशी सरसकट पुसायला तयार होत नाही, पण घरचे फोल्डर अजूनही बिनतक्रार पुसते. दुसरी धोक्याची आज्ञा ‘डीडी’. ती पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर लिहिण्यासाठी सांगितली जाते आणि एक अक्षर चुकले तर हार्ड डिस्कवर लिहिते. तिला मंडळींत ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात. म्हणून कोणतीही अनोळखी आज्ञा चालवण्यापूर्वी ती काय करते हे पाहावे, आणि बॅकअप आदल्या दिवशीच घेतलेला असावा. बॅकअप घ्यावा हे प्रत्येक जण सांगतो. केव्हा घ्यावा हे बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळते.

मंडळींच्या कामाचा उत्तम नमुना म्हणून छपाईच्या एका बिघाडाकडे बोट दाखवता येते. छपाईचे आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे नाते तसेही जुने. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्स प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड हवा होता. तो ज्याच्याकडे होता त्याने गोपनीयतेच्या करारामुळे द्यायला नकार दिला. या अनुभवाने स्टॉलमन यांच्या विचारांना वळण लागले आणि १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. उबंटूच्या बिघाडवहीत २००८-०९ मध्ये गाजलेली तक्रार याहून विचित्र होती. एका वापरकर्त्याच्या पत्नीचे म्हणणे असे, की ओपनऑफिसमधून मंगळवारी छापले जात नाही. मंगळवारी केस कापू नयेत असे मानणारी घरे आपल्याकडे आहेत, पण मंगळवारी कागद छापू नये असे मानणारा संगणक कोणी ऐकला नव्हता.

साहजिकच आधी प्रिंटर तपासला गेला, मग ड्रायव्हर, मग ओपनऑफिस. तिघेही निर्दोष निघाले. दोष होता ‘फाइल’ नावाच्या एका छोट्या साधनात. हे साधन कोणत्याही फाइलचा सुरुवातीचा मजकूर पाहून ती कोणत्या जातीची आहे ते ओळखते, आणि त्यासाठी खुणांचा एक तक्ता वापरते. त्या तक्त्यात एर्लांग या भाषेच्या एका जुन्या प्रकारच्या फाइलची खूण लिहिलेली होती. ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झाली. ती खूण म्हणजे मंगळवार, २२ जानेवारी १९९१ ही पूर्ण तारीख आणि वेळ. लिहिताना शब्दांमधल्या मोकळ्या जागा नीट नोंदवल्या गेल्या नाहीत, म्हणून साधनाने पहिला शब्द तेवढा खूण मानला आणि उरलेली तारीख वर्णनात ढकलली. तो पहिला शब्द म्हणजे मंगळवारचे इंग्रजी लघुरूप. छपाईला जाणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट फाइलच्या सुरुवातीला ती तयार झाल्याची तारीख असते, आणि तारखेच्या आधी वार असतो. त्यामुळे सोमवारी पोस्टस्क्रिप्ट असलेली फाइल मंगळवारी टेलिफोन एक्स्चेंजची होत असे, बुधवारी पुन्हा पोस्टस्क्रिप्ट. प्रिंटरकडे जाणारी साखळी मधल्या मधे तुटत असे. तक्त्यातली ती ओळ दुरुस्त झाली आणि मंगळवार सुटला.

या प्रकरणात निर्णायक काम केले ते वार लक्षात ठेवणाऱ्या त्या बाईंनी. ‘कधीकधी छापत नाही’ अशी तक्रार आली असती तर ती वहीत पडून राहिली असती. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये टोरवाल्ड्स यांच्या नावाने एक नियम मांडला. पाहणारे डोळे पुरेसे असले की कोणताही दोष फार खोल राहत नाही, असा त्याचा आशय. त्याला एवढीच पुरवणी जोडावी लागते, की त्यातला एक डोळा कॅलेंडरवर असावा.

नेमकी तक्रार झाली तरी कर्नलच्या दोषात वापरकर्त्याचे काम संपत नाही. ‘जुन्या कर्नलवर चालत होते, नव्यावर चालत नाही’ असे त्याने कळवले की कर्नल लिहिणारे त्याला ‘बायसेक्ट करा’ असे सांगतात. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांवर बदल असतात. टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये मधला बदल निवडून कर्नल बांधायचा, यंत्र सुरू करून पाहायचे, दोष असला तर आधीच्या निम्म्यात शोधायचे, नसला तर नंतरच्या निम्म्यात, अशी सोय आहे. दर वेळी संख्या निम्मी होत असल्यामुळे सोळा हजार बदलांतून एक दोषी शोधायला चौदाच फेऱ्या लागतात. गणित सुंदर आहे. जुन्या लॅपटॉपवर एकेका फेरीला तास-दोन तास लागतात, हे गणितात येत नाही. तरीही ही चौदा फेऱ्यांची तपश्चर्या पार पाडणारे लोक असतात. त्यांचा टचपॅड पुढच्या कर्नलमध्ये सुरू होतो, आणि त्यांच्यासारखा टचपॅड असलेल्या इतरांना काही बिघडले होते हे कधी कळतही नाही.

शेवटची पायरी निकालाची. तक्रारीचा निकाल अनेक प्रकारे लागतो. ‘दुरुस्त’ हा त्यातला एक. ‘दुबार’ म्हणजे हीच तक्रार आधी कोणीतरी केली होती आणि तीही अजून तशीच आहे. ‘हा दोष नव्हे’ म्हणजे ते मुद्दामच तसे केले आहे. ‘दुरुस्त करणार नाही’ याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. आणि ‘मुदत संपली’ म्हणजे तक्रारीचा विचार होण्याआधी ती आवृत्तीच निवृत्त झाली. फेडोराची आवृत्ती सुमारे तेरा महिने जगते, उबंटूची सहामाही आवृत्ती नऊ, त्यामुळे या प्रकारे सुटलेल्या तक्रारींची संख्या लहान नाही. खुद्द वापरकर्त्याने लावलेला निकाल सर्वांत निरुपयोगी असतो. ‘सुटले, धन्यवाद’ एवढे लिहून, कसे सुटले ते न सांगता तो निघून जातो, आणि पुढे त्याच बिघाडाने गांजलेली माणसे त्या दोन शब्दांकडे पाहत बसतात.

सर्वांत दीर्घ काळ चाललेल्या नामवंत तक्रारींत उबंटूच्या वहीतली पहिली तक्रार मोडते. ऑगस्ट २००४ मध्ये, म्हणजे उबंटूची पहिली आवृत्ती येण्याच्याही आधी, संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी ती स्वतः नोंदवली होती. डेस्कटॉपच्या बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा मोठा आहे, हा दोष दुरुस्त व्हावा, असे तिचे स्वरूप. तिच्यावर वर्षानुवर्षे सूचना आल्या, उपाय आले, सिस्टमडीही आली. मे २०१३ मध्ये शटलवर्थ यांनी ती ‘दुरुस्त’ म्हणून बंद केली. लोक फोन आणि टॅब्लेट वापरू लागले होते आणि त्यांत अँड्रॉइड व आयओएस पुढे गेले होते, म्हणून पूर्वीची मक्तेदारी उरली नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. डेस्कटॉपवरचा वाटा तेव्हा फारसा हललेला नव्हता. वापरकर्त्यांनी यंत्रच बदलले आणि तक्रार निकालात निघाली. हा उपाय दुकानदार पहिल्या दिवसापासून सांगत होते. मंडळींनी तो वहीत नोंदवून घेतला, इतकेच.